ऑफ-रोड गाडीसाठी वेल्डर कसा निवडावा?

मोठे टायर दुकानात मिळतात. लोखंडी बंपर, विंच, इंजिनाखालची संरक्षक प्लेट हेही तयार मिळते. पण या वस्तू चॅसिसला धरून ठेवणारा सांधा दुकानात मिळत नाही. तो कुणा एका कारागिराच्या हातून घडतो आणि त्यावर रंग चढला की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. म्हणून डोंगरात, चिखलात किंवा नदीपात्रात चालवायच्या गाडीत बदल करताना खरी निवड सामानाची नसते, वेल्डरची असते.

माझे बाबा लष्कराच्या ईएमई दलात आहेत आणि सध्या त्यांची नेमणूक डेहराडूनला आहे. त्यांच्या एका गढवाली मित्राकडे चारही चाकांना जोर मिळणारी जुनी पिकअप आहे. चक्राताच्या वरच्या अंगाला असलेल्या शेतांतून ते राजमा आणि बटाटा खाली आणतात. मागे पोती आणि पोत्यांवर बहुतेक वेळा तीन-चार माणसेही असतात. या उन्हाळी सुट्टीत त्या गाडीची तीन कामे करायची होती: मागच्या कमान-पाट्याच्या हँगरजवळ चॅसिसला गेलेली चीर दुरुस्त करणे, पुढे-मागे ओढण्याचे हूक बसवणे आणि इंजिनाखाली प्लेट लावणे. त्यासाठी आम्ही चार वर्कशॉप पाहिली. वही माझ्याकडे होती. त्या वहीतले आणि नंतर वाचून, विचारून समजलेले आपल्या ऑटोमोबाइल छंदगटाच्या मित्रांसाठी इथे मांडतो.

१. आधी कामाची प्रतवारी करा

सगळे वेल्डिंग सारखे नसते. खिडकीचे गज तुटले तर गैरसोय होते, हँगर तुटला तर धुरा सरकतो आणि गाडी दरीकडे वळते. बाबांनी तिन्ही कामे वहीत दोन रकान्यांत लिहायला लावली: "तुटले तर दुरुस्त करू" आणि "तुटले तर माणूस जाईल". प्लेट पहिल्या रकान्यात गेली. चीर आणि हूक दुसऱ्या. दुसऱ्या रकान्यातले काम गेट आणि शेड करणाऱ्याकडे न्यायचे नाही, त्याचा हात कितीही साफ असला तरी. ट्रकच्या चॅसिसवर रोज काम करणारा माणूस शोधायचा.

हूकचा हिशेब आपल्या भौतिकशास्त्रातूनच करता येतो. काटकोनातल्या सांध्याची बाजू ६ मिमी असेल तर त्याची खरी जाडी, म्हणजे कर्णाला लंब असलेले अंतर, ६ × ०.७ = ४.२ मिमी भरते. लांबी १०० मिमी धरली तर क्षेत्रफळ ४२० चौरस मिमी. साध्या पोलादी सांध्यावर सुरक्षित ताण १०० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर सांधा ४२,००० न्यूटन पेलतो, म्हणजे सुमारे सव्वाचार टन वजनाइतकी ओढ. वेल्ड अर्ध्याच भागात मुरले असेल तर हीच ओढ दोन टनांच्या आसपास येते. भरलेली पिकअप चिखलातून झटका देऊन ओढताना तेवढी ओढ सहज लागते. हूक निघाला की तो दोरासकट उडतो. दोन किलोचा हूक सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटला तर त्याची गतिज ऊर्जा ९०० ज्यूल होते. दहा किलोचा दगड नऊ मीटर उंचीवरून डोक्यात पडावा, तेवढी.

२. दोन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: "हे पोलाद कोणते आहे?" चांगला वेल्डर लगेच उत्तर देत नाही. तो जागा घासून पाहतो, जाडी मोजतो, गाडी कोणत्या कंपनीची आणि केव्हाची ते विचारतो. काही ट्रकच्या चॅसिसचे पोलाद उष्णता देऊन मजबूत केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचा पट्टा मऊ किंवा ठिसूळ होतो आणि पुढे तिथेच मोडतो. अशा चॅसिसवर निर्मात्याच्या सूचनेशिवाय रॉड लावायचा नसतो.

दुसरा प्रश्न: "रॉड कोणता वापराल?" पहिल्या वर्कशॉपमध्ये "कोणताही चालतो" असे उत्तर मिळाले. तिथे आम्ही चहा पिऊन निघालो. ई ६०१३ हा रॉड गेट, पत्रा आणि हलक्या कामासाठी सर्वत्र वापरतात. भार पेलणाऱ्या सांध्यासाठी बरेच जण ई ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड पसंत करतात. त्यातला ७० हा आकडा ताणशक्ती सांगतो: चौरस इंचाला ७०,००० पौंड. पण हा रॉड हवेतला ओलावा शोषतो. ओलाव्यातून आलेला हायड्रोजन पोलादात शिरला की सांधा थंड झाल्यावर, कधी कधी काही तासांनी, आतून तडकतो. म्हणून रॉड कोरडे ठेवायची पेटी किंवा भट्टी आहे का, ते पाहावे. पावसाळी डेहराडूनमध्ये उघड्या पुडक्यातला रॉड काढणाऱ्याकडे हे काम देऊ नये.

आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. प्रमाणपत्र असेल तर ते पाहावे, त्याने पाया कळतो. पण कागदापेक्षा पुढच्या दोन पायऱ्या जास्त बोलतात.

३. जुने काम उन्हात पाहा

वेल्डरकडे तयार होऊन पडलेले, अजून रंग न लावलेले काम असते. ते उजेडात न्या. सांध्यावरच्या लाटा सारख्या अंतराच्या आणि सारख्या रुंदीच्या हव्यात. हे दोष शोधा:

• कडेला खोबण: रॉडने मूळ पट्टीच खाल्लेली असते. तिथून चीर सुरू होते.
• बारीक भोके: ओला रॉड, गंज किंवा तेल यांची खूण.
• पट्टीवर नुसता बसलेला फुगीर गोळा: धातू वितळून एकजीव झालेला नाही.
• सांध्याच्या शेवटी खड्डा: तिथे ताऱ्यासारखी चीर पडते.
• ग्राइंडरने गुळगुळीत केलेला सांधा: कधी तो गरजेपोटी घासलेला असतो, कधी दोष लपवायला. विचारून घ्या.

दुसऱ्या वर्कशॉपमध्ये सारे सांधे घासून चकाकत होते. घासण्याआधीचा एकही दाखवता आला नाही.

४. नमुना तोडून पाहा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि सगळ्यांत स्वस्त तीच आहे. सहा मिमी जाडीच्या दोन तुकड्यांचा उलटा 'टी' करायला सांगा, वेल्ड एकाच बाजूने. थंड झाल्यावर उभी पट्टी शिकंज्यात धरून घणाने वेल्डच्या बाजूला वाकवा. चांगला सांधा वाकतो आणि सहजासहजी सुटत नाही. तुटला तर तुटलेला भाग पाहा. सगळीकडे करडा, खरबरीत पृष्ठभाग असेल तर धातू मुळापर्यंत मुरला होता. कोपऱ्यात पट्टीची मूळ सरळ कड तशीच दिसली तर वरून सुंदर दिसणारा सांधा आत पोकळ होता.

तिसऱ्या वर्कशॉपच्या मालकाला ही मागणी अपमानाची वाटली. चौथ्या ठिकाणच्या वयस्कर वेल्डरने काही न बोलता दोन तुकडे कापले, वेल्ड केले आणि घण बाबांच्या हातात दिला.

५. काम सुरू करण्यापूर्वीच्या सवयी

रॉड पेटण्याआधी माणूस काय करतो यावरून त्याची शिस्त कळते. गंज, रंग, तेल पूर्ण घासून काढायला हवे. बॅटरीची तार सोडायला हवी, नाहीतर नव्या गाड्यांतले इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जळू शकतात. अर्थचा चिमटा सांध्याजवळच लावायला हवा, कारण तो दूर लावला तर विद्युतप्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगला खड्डे पाडतो. डिझेलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला किंवा आडोशाला हव्यात, आणि अग्निशामक हाताशी हवा. जस्त चढवलेला पत्रा घासल्याशिवाय वेल्ड केला तर त्याच्या धुराने ताप येतो, हेही त्याला ठाऊक असायला हवे. आपण पाहणाऱ्यांनी काळ्या काचेशिवाय ठिणगीकडे पाहायचे नाही.

चीर भरण्याचीही रीत आहे. आधी चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवायची, मग चीर 'व्ही' आकारात उघडून भरायची, घासून सपाट करायची आणि गरज असेल तर वरून पट्टी लावायची. पट्टीची टोके सरळ उभी कापत नाहीत, निमुळती ठेवतात, म्हणजे ताण एका रेषेत साठत नाही. चॅसिसच्या वरच्या आणि खालच्या पात्यावर वाकण्याचा ताण सर्वांत जास्त असतो, म्हणून त्यावर आडवा वेल्ड टाळतात.

जहाजांनी हा धडा मोठी किंमत देऊन शिकवला आहे. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे धक्क्याला लागलेले एसएस स्केनेक्टडी हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात मधोमध तडकले. सदोष वेल्डिंग हे त्याचे एक कारण ठरले. पुढे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवले की त्या काळचे जहाजाचे पोलाद थंडीत ठिसूळ होत होते. रिव्हेटच्या जहाजात चीर एका पत्र्याच्या कडेशी थांबू शकते. वेल्ड केलेले जहाज म्हणजे एकच सलग तुकडा, त्यात चिरेला थांबायला जागा नसते. चॅसिसला लावलेला प्रत्येक वेल्ड चिरेला अशीच नवी वाट देऊ शकतो.

६. कायदा विसरू नका

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गाडीपुढे लावायच्या बुल बारवर कारवाई करावी, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. म्हणून काम देण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणे हा कामाचाच भाग समजावा.

७. 'नाही' म्हणणारा वेल्डर

चौथ्या वेल्डरने आमची दोन कामे घेतली आणि एक नाकारले. बाबांच्या मित्रांना हूक थेट बंपरला वेल्ड करून हवे होते, कारण ते स्वस्तात झाले असते. तो म्हणाला, बंपर पातळ आहे, माझा टाका टिकेल पण बंपर फाटेल. चॅसिसच्या टोकाला कंपनीनेच भोके दिली आहेत, तिथे जाड पट्टी बोल्टने बसवा. म्हणजे ज्या कामाचे त्याला पैसे मिळाले असते, ते वेल्डिंगने करूच नये असे त्याने स्वतः सांगितले. त्याचा दर चौघांत सर्वांत जास्त होता. बाबांच्या मित्रांनी घासाघीस केली नाही.

मित्रांनो, आपल्यापैकी काही जण पुढे अशा गाड्यांतून जवान घेऊन जातील. त्या वेळी चॅसिसखाली वाकून कुणाचा सांधा आहे ते पाहायला सवड नसेल. सांधा पाहायची, प्रश्न विचारायची आणि नमुना तोडायची सवय आत्ताच लावून घेता येते. त्यासाठी लागते फक्त उजेड, घण आणि थोडा धीर.