बोली लावण्यापूर्वी उणीव ओळखा
(हरणाऱ्या संघाकडून व्यापाऱ्याने घ्यावयाचा धडा)

आमच्या गोंदिया जिल्ह्यातील व्यापारी बांधवांना लिलाव ही गोष्ट नवी नाही. तेंदूपत्त्याच्या युनिटची बोली लागते तेव्हा पान अजून झाडावर असते. युनिट घेणारा व्यापारी मागील वर्षी किती प्रमाण गोणी निघाल्या, फळीवर मजूर किती येतील, अवकाळी पाऊस वा गारपीट झाली तर किती पान वाया जाईल आणि बिडी कारखानदार काय भाव देतील, याचा अंदाज करून आकडा बोलतो. अंदाज बरोबर आला तर वर्ष निघते. चुकला तर घरचे दागिने सावकाराकडे जातात.

असाच लिलाव आजकाल खेळाडूंचाही होतो. त्यात सर्वांत कठीण परीक्षा असते ती हरणाऱ्या संघाची. जिंकणाऱ्या संघाला एखादा खेळाडू चुकीचा घेतला तरी निभावते. हरणाऱ्या संघाजवळ पैसा मर्यादित असतो, लोकांचा धीर सुटलेला असतो आणि प्रत्येक जागा रिकामीच वाटत असते. ज्या दुकानदाराचा धंदा दोन वर्षांपासून मंदावला आहे आणि जो उधारीवर पुढच्या हंगामाचा माल भरायला निघाला आहे, त्याचीही नेमकी हीच अवस्था असते. म्हणून प्रस्तुत लेखात पडत्या संघाची तपासणी लिलावापूर्वी कशी करतात ते आपण पाहू आणि त्यातून आपल्या पेढीसाठी काय घेता येईल याचा विचार करू.

शेवटच्याला पहिली निवड

खेळाडूंच्या निवडीची पद्धत अमेरिकन फुटबॉलमध्ये फार जुनी आहे. हा खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा निराळा असून त्यात चेंडू प्रामुख्याने हातात घेऊन पळतात. तेथे १९३६ पासून असा नियम लागू झाला की दरवर्षी नवे खेळाडू निवडताना सर्वांत खाली राहिलेल्या संघाने सर्वांत आधी निवड करावी. हेतू हा की दुबळ्याला सावरण्याची संधी मिळावी.

परंतु पहिली निवड मिळाली म्हणजे संघ सुधारतोच असे नाही. कित्येक संघ वर्षानुवर्षे पहिल्या निवडी घेऊनही तळाशीच राहिले. संधी सर्वांना मिळते, पण आपल्याला काय कमी आहे याचे उत्तर ज्याच्याजवळ तयार असते त्यालाच तिचा उपयोग होतो.

या बाबतीत डॅलस काउबॉइज या संघाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९८९ च्या हंगामात या संघाने १६ पैकी १ सामना जिंकला. संघात हर्शेल वॉकर नावाचा एकच मोठा खेळाडू होता. कोणीही म्हणाले असते की त्याला जपा आणि त्याच्याभोवती संघ बांधा. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी उलट हिशेब केला. एक जागा भक्कम आहे आणि बाकीच्या बहुतेक जागा कच्च्या आहेत, तेव्हा एकट्या वॉकरने सामने जिंकता येणार नाहीत. ऑक्टोबर १९८९ मध्ये त्यांनी वॉकरला मिनेसोटाच्या संघाला दिले आणि बदल्यात अनेक खेळाडू व पुढील वर्षांच्या निवडीचे हक्क घेतले. त्यातून संघ उभा राहिला आणि १९९२, १९९३ व १९९५ अशा तीन हंगामांचे अजिंक्यपद त्याने मिळवले.

बाहेरून पाहणाऱ्याला ते सर्वांत चांगली वस्तू विकणे वाटले. प्रत्यक्षात तो एका भरलेल्या जागेचा पैसा दहा रिकाम्या जागांत वाटण्याचा व्यवहार होता.

पुणेरी पलटणची कहाणी

आता आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ. प्रो कबड्डी स्पर्धा २०१४ साली सुरू झाली तेव्हा तीत आठ संघ होते. पुण्याचा पुणेरी पलटण हा संघ २०१४ मध्ये आठवा म्हणजे शेवटचा आला आणि २०१५ मध्येही शेवटचाच आला. पुढे मनजीत छिल्लरसारखा अनुभवी खेळाडू कर्णधार म्हणून आल्यावर २०१६ च्या दोन्ही हंगामांत संघ तिसरा आला. पण अजिंक्यपद हाती येत नव्हते.

खरा बदल हळूहळू झाला. २०२१-२२ च्या हंगामात संघाने मोठ्या नावांबरोबर नव्या, कमी मोबदल्याच्या तरुण खेळाडूंनाही संधी दिली. त्यांतच मोहित गोयत आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार हे दोघे होते. चढाईची बाजू या तरुणांनी उचलली. ती भरली म्हणून दुसरी बाजू स्पष्ट दिसू लागली. कबड्डीत मैदानावर सात खेळाडू असतात. त्यांत चढाई करणारे, मधली फळी सांभाळणारे आणि दोन्ही कोपऱ्यांवर उभे राहून पकड करणारे अशा निरनिराळ्या जागा असतात. चढाईपटू कितीही चांगले असले तरी कोपरा कच्चा असेल तर एका हाताने मिळवलेले गुण दुसऱ्या हाताने जातात.

२०२२ च्या लिलावात पलटणने इराणचा फजल अत्राचली हा डावा कोपरा सांभाळणारा खेळाडू १ कोटी ३८ लाख रुपयांना घेतला. त्या वर्षी संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला आणि जयपूरकडून ३३-२९ असा हरला. पुढे फजल संघात राहिला नाही आणि डावा कोपरा पुन्हा रिकामा झाला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईला लिलाव झाला. प्रत्येक संघाला एकूण खर्चाची मर्यादा ५ कोटींची होती. पलटणने इराणच्याच मोहम्मदरेझा शादलू या खेळाडूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. म्हणजे एका जागेसाठी मर्यादेच्या ४७ टक्के. ही उधळपट्टी झाली का? आमच्या मते नाही. बाकीच्या जागा आधीच घरच्या, कमी खर्चाच्या, तयार झालेल्या मुलांनी भरलेल्या होत्या. एकच मोठी उणीव उरली होती आणि ती भरण्यासाठी पैसा राखलेला होता. त्या हंगामात अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले अजिंक्यपद मिळवले. शादलू स्पर्धेतील सर्वोत्तम बचावपटू ठरला.

गोष्ट येथेच संपत नाही. पुढच्या लिलावात शादलूला हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतले. त्या हंगामात हरियाणा अजिंक्य झाला आणि पलटण बाद फेरीतही पोहोचू शकला नाही. एक उणीव एकदा भरली की ती कायमची भरली असे कोणी समजू नये. दर हंगामाला तपासणी नव्याने करावी लागते.

फुटबॉलमधला इशारा

आपल्याकडील फुटबॉलमध्येही जुलै २०१७ मध्ये मुंबईला इंडियन सुपर लीगच्या भारतीय खेळाडूंची निवड झाली. नव्यानेच उभ्या राहिलेल्या जमशेदपूर संघाने आपल्या पहिल्या निवडीत गोल करणारा खेळाडू घेतला नाही. त्याने केरळचा बचावपटू अनस एडाथोडिका याला १ कोटी १० लाखांना घेतले. घर बांधताना आधी पाया भरावा तसा हा विचार होता.

पुण्याचा एफसी पुणे सिटी हा संघ पहिले तीन हंगाम उपांत्य फेरी गाठू शकला नव्हता. २०१७-१८ मध्ये त्याने ती प्रथमच गाठली. मात्र पैशाच्या अडचणींमुळे २०१९ मध्ये तो संघच बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. मैदानावरची उणीव भरली, पण वहीतली उणीव राहिली. व्यापाऱ्याने हा इशारा विशेष ध्यानात ठेवावा. दुकानात गर्दी वाढली म्हणजे दुकान वाचले असे नव्हे.

तपासणीच्या चार पायऱ्या

वरील उदाहरणांतून आम्हांला पुढील चार पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी : हार कोठून येते ते शोधा. "संघ वाईट खेळतो" हे उत्तर नव्हे. गुण चढाईत कमी पडतात की पकडीत, पहिल्या अर्ध्यात की शेवटच्या पाच मिनिटांत, हे पाहावे लागते. त्याचप्रमाणे "धंदा बसला" हे उत्तर नव्हे. गिऱ्हाईक येत नाही, की येऊन परत जाते, की माल नेऊन पैसे देत नाही? या तिन्हींचे औषध निराळे आहे.

दुसरी पायरी : घरात काय आहे ते मोजा. बाहेरचा महागडा खेळाडू घेण्याआधी राखीव बाकावर बसलेला मुलगा ती जागा घेऊ शकतो का हे पाहावे. आपल्या कारखान्यातील मदतनीस मुलाला तीन महिने शिकवून कारागीर करता येत असेल, तर दुप्पट मजुरीचा माणूस रायपूर-नागपूरहून आणण्याची घाई कशाला?

तिसरी पायरी : यादी आणि कमाल किंमत आधीच लिहा. लिलावाच्या खोलीत शेजाऱ्याचा हात वर गेला की आपलाही जातो. ईर्ष्येने लावलेली बोली जिंकल्यावर रडवते. म्हणून प्रत्येक जागेसाठी दोन-तीन नावे आणि प्रत्येकासमोर शेवटचा आकडा घरीच लिहून न्यावा व त्यापलीकडे जाऊ नये.

चौथी पायरी : गरज आणि गुण यांचा तोल ठेवा. जाणकारांत येथे दोन मते आहेत. एक म्हणते, जी जागा रिकामी तीच भरा. दुसरे म्हणते, समोर जो सर्वांत चांगला असेल तो घ्या, जागेचे पुढे पाहू. पहिल्या मताने चालले तर रिकामी जागा भरण्याच्या नादात सुमार माणसाला मोठी किंमत दिली जाते. दुसऱ्याने चालले तर एकाच जागेवर चार उत्तम माणसे जमतात आणि दुसरी जागा ओस राहते. आमच्या मते ज्याची आर्थिक ताकद कमी आहे त्याने गरजेपासून सुरुवात करावी, पण सुमार माल मिळत असेल तर जागा थोडे दिवस रिकामी ठेवण्याची हिंमतही ठेवावी.

शिवणकामाच्या दुकानाचा हिशेब

हा विचार आकड्यांत मांडून पाहू. समजा, गोंदियाच्या बाजारात एक शिवणकामाचे दुकान आहे. रोज १५ शर्टांचे काम येते, पण वेळेवर होत नाही आणि गिऱ्हाईक तुटत चालले आहे. लग्नसराईपूर्वी मालक कर्ज काढून पाचवे शिलाई मशीन घ्यायला निघाला आहे.

आता मोजणी करा. कटिंग मास्टर दिवसाला १४ शर्ट कापतो. चार कारागीर प्रत्येकी ४ याप्रमाणे १६ शिवतात. काज-बटण करणारा एकच माणूस असून त्याच्या हातून १० होतात. म्हणजे दुकानातून दिवसाला १० च शर्ट बाहेर पडतात. पाचवे मशीन आणले तर शिलाई २० होईल, पण बाहेर पडणारे शर्ट १० च राहतील आणि कर्जाचा हप्ता मात्र सुरू होईल.

तोच पैसा काज-बटणाच्या दुसऱ्या मशीनवर व माणसावर घातला तर काज-बटण २० पर्यंत जाईल आणि दुकानातून १४ शर्ट निघतील. रोजचे ४ शर्ट वाढले. मजुरी व सामान वजा जाता एका शर्टामागे ६० रुपये उरतात असे धरले तर दिवसाला २४०, महिन्याच्या २५ दिवसांचे ६,०००, आणि चार महिन्यांच्या हंगामाचे २४,००० रुपये झाले. हीच त्या मशीनची कमाल किंमत, जर एका हंगामात पैसा वसूल करायचा असेल तर. दुकानदाराने बोली याच्या आत ठेवावी.

यापुढे अडणारी जागा कटिंगची असेल. पंधराव्या शर्टासाठी पुढच्या वर्षी तिचा विचार करावा. सर्व उणिवा एकाच हंगामात भरायला जो निघतो तो कर्जात बुडतो. हाच हिशेब राईस मिलला, फर्निचरच्या कारखान्याला आणि मोटार गॅरेजलाही लागू पडतो. भात भिजवण्याची टाकी मोठी केली आणि सुकवण्याची जागा तेवढीच राहिली, तर उसना तांदूळ वाढणार कसा?

या आठवड्याचा अभ्यास

वाचक बांधवांनी एका कागदावर पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

१. गेल्या तीन महिन्यांत परत गेलेली दहा गिऱ्हाइके कोणती, आणि प्रत्येक जण कशामुळे परत गेला?
२. माझ्या कामाच्या साखळीत सर्वांत सावकाश चालणारी जागा कोणती?
३. ती जागा घरच्या माणसाला शिकवून भरता येईल का? किती दिवसांत?
४. ती भरल्याने महिन्याला नक्त किती रुपये वाढतील?
५. त्या आकड्यावरून मी जास्तीत जास्त किती खर्च करावा?
६. माझ्याजवळची कोणती वस्तू अशी आहे, जी विकून दोन रिकाम्या जागा भरता येतील?

या सहा उत्तरांवाचून घाऊक बाजाराची गाडी पकडू नये. दोनदा तळाला गेलेल्या पलटणला अजिंक्यपदाला दहा वर्षे लागली. त्यात भाड्याने आणलेल्या नावांपेक्षा घरी घडवलेल्या मुलांचा आणि योग्य वेळी राखून ठेवलेल्या पैशाचा वाटा मोठा होता. आपली पेढी पडती असेल तर तिच्या मालकाने आणि कारागिरांनी एकत्र बसून हा कागद भरावा, कारण साखळी कोठे अडते हे गादीवर बसलेल्या माणसापेक्षा मशीनवर बसलेल्या माणसाला अधिक ठाऊक असते.