व्हीगन आहार : हिशेब जुळतो, पण एका अटीवर

"दूध नको, तूप नको, मग खाणार तरी काय?" व्हीगन माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न हाच विचारला जातो. शाकाहार आपल्याला नवा नाही. पण व्हीगन आहारात दूध, दही, तूप, पनीर आणि मधसुद्धा वर्ज्य. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शब्द रूढ केला. कोणी प्राण्यांच्या कळवळ्याने व्हीगन होतो, कोणी पर्यावरणासाठी. शरीर मात्र कारण विचारत नाही, ते फक्त इनपुट मोजतं! तेव्हा आपण इंजिनिअरच्या पद्धतीने हिशेब मांडूया.

१) रोजच्या अडचणी
आपल्या मेसचं जेवण अर्धंअधिक व्हीगनच असतं. फोडणी तेलाची, त्यामुळे पोहे, उसळ, भाजी, भाकरी चालते. पोळीला तूप लावू नका एवढंच सांगायचं. खरी पंचाईत होते ती चहा, ताक-कढी आणि सत्यनारायणाच्या प्रसादाची. प्रसादाला नाही म्हणणं घरच्यांना पटवून देणं व्हायवापेक्षा अवघड! पाकिटावरचा हिरवा ठिपकाही पुरेसा नाही, कारण दुधाच्या पदार्थांवरही तो असतो. व्हीगन पदार्थांसाठी भारतात २०२२ साली वेगळे नियम व वेगळं चिन्ह आलं, ते पाहावं.

२) प्रोटीन, कॅल्शियम, लोह
आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोला सुमारे ५० ग्रॅम. दिवसभरात २०० ग्रॅम कणीक, ७५ ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम मटकी आणि मूठभर शेंगदाणे पोटात गेले की हे गणित सुटतं. डाळ आणि धान्य एकमेकांची उणीवही भरून काढतात.

कॅल्शियम रोज १००० मिलिग्रॅम हवं. १०० ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. तिळाची चटणी आणि पालेभाज्यांची जोड द्यावी लागते. इथे हयगय परवडत नाही. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात (२०२०) मांसाहारींच्या तुलनेत व्हीगन लोकांमध्ये हाडं मोडण्याचा धोका ४३ टक्के जास्त दिसला. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा टाळा, मग तो काळा का असेना.

३) बी-१२ : खरी मेख
हे व्हिटॅमिन फक्त जिवाणू बनवतात, वनस्पती नाही. गरज अगदी थोडी, दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम, पण ती डाळ-भाजीतून भागत नाही. यकृतात साठा असतो, म्हणून "वर्ष झालं, मला काही झालं नाही" हा पुरावा नव्हे. बॅटरी उतरत असते, इंडिकेटर लागत नाही इतकंच. पुढे थकवा, हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा सुरू होतो. मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं आणि उपचाराला उशीर झाला तर नुकसान पूर्ण भरून येत नाही. त्यातून पालेभाज्या व डाळींमधल्या भरपूर फोलेटमुळे रक्तक्षय झाकला जाऊ शकतो. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि आत नसा बिघडत राहतात.

आपल्यासाठी धोका आणखी मोठा आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. हे काही व्हीगन नव्हते! म्हणजे मांसाहारी युरोपियन माणूस भरलेल्या टाकीवर सुरुवात करतो, आपल्यातले अनेकजण तळ गाठलेल्या टाकीवर. दूध हा आपला थोडाफार आधार, तोच काढला तर पर्याय आधी हवा.

पर्याय सोपा आहे. बी-१२ ची गोळी जिवाणूंच्या किण्वनातून बनते, त्यामुळे तत्त्वाला बाध येत नाही. कॅप्सूलचं आवरण बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असतं, ते बघून घ्यावं. इडलीचं आंबवलेलं पीठ किंवा स्पिरुलिना यांवर विसंबू नये.

थोडक्यात, व्हीगन आहार अशक्य नाही आणि आपोआप आरोग्यदायीही नाही. बटाटा वेफर्स आणि कोल्ड्रिंकही व्हीगनच असतात! माझं म्हणणं एवढंच : दूध सोडण्याच्या आधी बी-१२ ची रक्ततपासणी करा, डॉक्टरांकडून गोळीचा डोस ठरवून घ्या आणि दरवर्षी पुन्हा तपासा. पाया तपासल्याशिवाय आपण मजला चढवत नाही, मग शरीराच्या बाबतीत घाई कशाला?