किल्लीजवळचा दिवा

पावसाळ्यातील रात्री अकस्मात वीज जाते आणि जिना काळोखात बुडतो. अशा वेळी फडताळातील मोठी विजेरी काय कामाची? किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेली चिमुकली विजेरी मात्र तत्काळ हाती येते.

ती विकत घेताना पुष्कळ लोक सर्वांत प्रखर विजेरीला भुलतात. परंतु उजेड जितका प्रखर, तितकी सेलमधील शक्ती लवकर संपते. शिवाय झगझगीत उजेडाने डोळे दिपतात. अंधाराला पुन्हा पुरतेपणी सरावण्यास त्यांना २० ते ३० मिनिटे लागतात. मेणबत्तीचा उजेड सुमारे १२ ल्युमेन असतो. विजेरीत तेवढाच उजेड एका दिशेस एकवटतो. म्हणून कुलूप उघडावयास अथवा पायरी पाहावयास तो पुरे होतो.

विजेरी हलकी असावी, पावसात टिकावी व खिशात आपोआप पेटू नये. रिमोटमध्ये घालतात तसला १.५ व्होल्टचा बारीक सेल तिला चालत असल्यास उत्तम. तो गावोगावी मिळतो. संपलेला सेल मात्र आत राहू देऊ नये. तो पाझरला की विजेरी निकामी होते.

सोबत असलेला लहान दिवा घरी राहिलेल्या मोठ्या दिव्याहून श्रेष्ठ होय.

प्रश्न : सर्वांत प्रखर विजेरी नेहमीच सोयीची का नसते?