शेवंडीचे सापळे, हौशी मासेमारी आणि मोजपट्टीचा धडा

शेवंड हा भारतीय किनाऱ्यावरील सर्वाधिक मोलाच्या सागरी जीवांपैकी एक आहे. मोल अधिक असल्यामुळेच तिचे साठे लवकर संपुष्टात येण्याचा धोकाही मोठा असतो. हा धोका केवळ व्यापारी मासेमारीपुरता मर्यादित नाही. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर घरच्या जेवणापुरती शेवंड पकडण्याची हौस पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहे. अमेरिकेतील मेन राज्याने या हौशी मासेमारीलाही व्यावसायिकांइतक्याच काटेकोर जैविक नियमांत बसविले आहे. या नियमांमागील विचार भारतीय मच्छीमार, विस्तार कार्यकर्ते आणि अभ्यासक यांना उपयुक्त ठरणारा आहे.

सापळ्याची रचना व कार्य

मेनमध्ये वापरला जाणारा सापळा तारेच्या जाळीचा, पेटीच्या आकाराचा असतो. त्यात खारवलेल्या माशांचे आमिष ठेवून तो समुद्रतळाशी सोडला जातो आणि दोराच्या वरच्या टोकाला बोया बांधला जातो. नरसाळ्यासारख्या निमुळत्या तोंडातून शेवंड सहज आत शिरते. परतीची वाट मात्र तिला अवघड जावी, अशी ही रचना असते.

या सापळ्याला दोन गोष्टी सक्तीच्या आहेत. पहिली म्हणजे सुटकेची खिडकी. तिच्यातून लहान शेवंडी स्वतःहून बाहेर पडतात. दुसरी म्हणजे कालांतराने कुजणारे किंवा गंजणारे झडप. दोर तुटून सापळा तळाशी हरवला, तरी काही काळाने हे झडप गळून पडते आणि आतील जीव मोकळे होतात. हे झडप नसेल, तर हरवलेला सापळा मालकाविना जीव पकडत आणि मारत राहतो.

हौशी मच्छीमारासाठी नियम

मेन राज्यात बिगर-व्यावसायिक परवानाधारकाला जास्तीत जास्त 5 सापळे लावता येतात. पकडलेली शेवंड विकण्यास त्याला मनाई आहे. शेवंड केवळ सापळ्यानेच पकडता येते. पाणबुडीने हाताने उचलून आणणे हा गुन्हा ठरतो. दुसऱ्याच्या सापळ्याला हात लावणेही दंडनीय आहे.

आकाराचा नियम सर्वांना समान आहे. डोळ्याच्या खोबणीच्या मागील कडेपासून पाठीच्या कवचाच्या मागील कडेपर्यंतची लांबी धातूच्या मोजपट्टीने मोजली जाते. ही लांबी सव्वातीन इंचांपेक्षा (सुमारे 83 मिलिमीटर) कमी असल्यास शेवंड तात्काळ पाण्यात सोडावी लागते. ती 5 इंचांपेक्षा (127 मिलिमीटर) अधिक असली, तरीही सोडावीच लागते. कमाल आकाराची मर्यादा घालण्याची पद्धत मेनमध्ये 1933 पासून आहे.

कमाल मर्यादेचे कारण प्रजननात आहे. सुमारे अर्धा किलो वजनाची अमेरिकन मादी एका वेळी सुमारे 8,000 अंडी धारण करते, तर चार किलोंची मादी 1 लाखाहून अधिक. मोठी मादी ही त्या समुद्राची बीजपेढी असते. म्हणून किमान मर्यादा पुढच्या पिढीला वाढण्याची संधी देते आणि कमाल मर्यादा बीज देणाऱ्या पिढीचे रक्षण करते.

अंडीधारी मादी ठेवण्यास पूर्ण बंदी आहे. अशी मादी सापडल्यास तिच्या शेपटीच्या एका पंख्याला इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खाच पाडून तिला सोडले जाते. पुढे अंडी गळून गेल्यावर ती पुन्हा सापळ्यात आली, तरी खाच पाहून ती सिद्ध प्रजननक्षम मादी असल्याचे ओळखता येते आणि तिला पुन्हा सोडावे लागते. खाच दिसू नये म्हणून शेपटी विद्रूप केलेली शेवंड बाळगणेही बेकायदेशीर आहे.

मुंबईचा अनुभव

भारतात या विषयाचे गांभीर्य मुंबईच्या समुद्राने दाखवून दिले आहे. वाळूत राहणाऱ्या चपट्या शेवंडीची (थेनस प्रजाती) मासेमारी मुंबई परिसरात 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रॉलरद्वारे भरभराटीस आली. 1980 च्या दशकात तिने उच्चांक गाठला आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ नामशेष झाली. अंडीधारी माद्यांची मोठ्या प्रमाणावरील पकड हे या ऱ्हासाचे प्रमुख कारण मानले जाते. बीज देणाऱ्या माद्याच उरल्या नाहीत, तेव्हा नवी पिढी येणार कोठून?

भारतातील नियम आणि उणीव

केंद्र शासनाने 2003 मध्ये शेवंडीच्या निर्यातीसाठी किमान वजन निश्चित केले. पूर्ण शेवंडीसाठी ही मर्यादा पुढीलप्रमाणे आहे:

- पॅन्युलिरस पॉलिफॅगस (महाराष्ट्र-गुजरात किनाऱ्यावरील प्रमुख काटेरी शेवंड): 300 ग्रॅम
- पॅन्युलिरस होमॅरस (दक्षिण किनाऱ्यावरील प्रमुख जात): 200 ग्रॅम
- पॅन्युलिरस ऑर्नेटस: 500 ग्रॅम
- थेनस: 150 ग्रॅम

याशिवाय महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते.

निर्यातीचा हा नियम स्वागतार्ह असला, तरी तो लागू होतो निर्यातीच्या टप्प्यावर. तोवर शेवंड पाण्याबाहेर येऊन बराच काळ लोटलेला असतो. निर्यातदाराने नाकारलेली लहान शेवंड समुद्रात परतत नाही. ती स्थानिक बाजारात कमी भावाने विकली जाते. मेनची मोजपट्टी मात्र नौकेवरच, प्राणी जिवंत असतानाच वापरली जाते.

साधनाचाही येथे संबंध येतो. सापळ्यातून शेवंड बहुधा धडधाकट आणि जिवंत वर येते. म्हणून तिला सोडणे अर्थपूर्ण ठरते. गिलजाळ्यात गुंतलेल्या शेवंडीचे पाय व मिशा सोडवताना अनेकदा तुटतात, तर ट्रॉलच्या पिशवीत ती इतर मासळीच्या भाराखाली दबते.

मच्छीमारांनी काय करावे

1. पोटाखाली अंडी असलेली मादी नौकेवरूनच हलक्या हाताने पाण्यात सोडावी. अंडी खरवडून ती विकू नये.
2. किमान वजनापेक्षा लहान शेवंड जिवंत असल्यास तत्काळ सोडावी. अशी शेवंड मोठी झाल्यावर अधिक भाव देते.
3. जाळ्यात गुंतलेली शेवंड ओढून न काढता धागे सोडवून काढावी.
4. सहकारी संस्थांनी लहान व अंडीधारी शेवंड खरेदी न करण्याचा ठराव करावा. खरेदीदार नसेल, तर पकडण्याचा मोह आपोआप कमी होतो.

सारांश

भारतीय काटेरी शेवंडीला अमेरिकन शेवंडीसारख्या नांग्या नसतात आणि तिचे जीवनचक्रही वेगळे आहे. म्हणून मेनचे आकडे येथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. परंतु तेथील तत्त्व लागू होते: लहानांना वाढू द्यावे, बीज देणाऱ्या माद्यांना राखावे आणि हा निर्णय किनाऱ्यावर नव्हे, तर नौकेवर घ्यावा. केवळ पाच सापळे लावणाऱ्या हौशी माणसालाही जे तत्त्व पाळावे लागते, ते ज्यांची उपजीविकाच समुद्रावर आहे, त्यांच्या अधिकच हिताचे आहे.