घोड्याचे रक्तजल आणि पेशींचा संकर

गेल्या महिन्यात भोकरदन तालुक्यातील एक शेतकरी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. कुत्र्याने पोटरी फाडली होती. जखमेत तिखट आणि चुना भरलेला. नळाखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुतली, लस टोचली आणि सिरमसाठी चिठ्ठी लिहिली. तेव्हा त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, लस दिली ना, मग घोड्याचं औषध कशाला?"

प्रश्न रास्त आहे. लस शरीराला प्रतिद्रव्ये तयार करायला शिकवते, पण त्याला आठवडाभर तरी लागतो. तेवढ्यात विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरला तर उपाय नाही. म्हणून खोल चाव्यात तयार प्रतिद्रव्ये थेट जखमेत व तिच्याभोवती टोचावी लागतात.

ही प्रतिद्रव्ये घोड्यांपासून मिळवतात. घोड्याला लस टोचायची, त्याचे रक्त काढून रक्तजल शुद्ध करायचे. पूनावालांच्या पागेतील वय झालेले घोडे पूर्वी याच कामासाठी मुंबईच्या हाफकिनला जात. त्यातूनच १९६६ साली पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट निघाली. मात्र घोड्याच्या रक्तजलात नाना तऱ्हेची प्रतिद्रव्ये असतात. मिसळ बियाण्याची रासच म्हणा ना!

एकाच वाणाचे प्रतिद्रव्य हवे तर? बियाण्यांच्या जालन्यात संकर म्हणजे काय हे मी सांगायला नको. १९७५ साली केंब्रिज येथे कोहलर व मिलस्टीन यांनी पेशींचा संकर केला. प्रतिद्रव्य बनवणारी उंदराच्या प्लीहेतील पेशी बाटलीत लवकर मरते; कर्करोगाची पेशी मात्र वाढतच राहते. दोन्ही एकत्र आणल्यावर दोघींचे गुण असलेली पेशी मिळाली. संकरित बी घरचे पेरले की वाण बिघडतो, ही पेशी मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच प्रतिद्रव्य देते. यालाच मोनोक्लोनल म्हणतात. १९८४ साली दोघांना नोबेल मिळाले.

सिरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसबायोलॉजिक्सच्या सहकार्याने रेबीजवर असे मानवी प्रतिद्रव्य तयार केले. २०१७ पासून ते आपल्याकडे मिळते. २० किलोच्या मुलाला घोड्याचे सिरम ८०० युनिट लागते, हे सुमारे ६७ पुरते. उणीव एकच : एक प्रतिद्रव्य विषाणूच्या एकाच खुणेला चिकटते. म्हणून झायडसने आपल्या औषधात दोन प्रतिद्रव्ये एकत्र केली आहेत.

पण नवे औषध मिळेपर्यंत थांबू नका, हे मी त्या गृहस्थांना बजावले. आजचे घोड्याचे सिरम बरेच शुद्ध असते, त्रास क्वचित होतो. टोचल्यावर थोडा वेळ दवाखान्यात बसवून ठेवतात इतकेच. पहिल्या दिवशी सिरम मिळाले नाही, तर लसीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येते. त्यानंतर लसीची स्वतःची प्रतिद्रव्ये येऊ लागतात.

मुलाला त्याच दुपारी जिल्हा ठिकाणी घोड्याचेच सिरम मिळाले. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची लस झाली. आता २८ व्या दिवसाची राहिली आहे. वडिलांनी ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवली आहे.