पत्र कोठे अडले?

कागदी पत्र गहाळ झाले तर ते कोठे गहाळ झाले हे बहुधा कळत नाही. ईमेलचे तसे नाही. ते अडले तर कोठे व का अडले याची नोंद मागे राहते. ती वाचण्याचा आळस केल्यास काय होते, हे आम्ही गेल्या वर्षी अनुभवले.

आमच्या शाळेची ईमेल-पत्रे पाठविण्याचे काम शाळेतलाच एक लहानसा संगणक करतो. त्यास मेल सर्व्हर म्हणतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाची सूचना आम्ही त्यावरून धाडली. मुदत जवळ आली तरी कित्येक पालकांचे उत्तर नव्हते. ज्या मुलीचे वडील आखातात नोकरीस आहेत, तिला आम्ही वर्गात बोल लावला. ती खाली मान घालून एवढेच म्हणाली, "सर, पप्पांना पत्रच मिळालं नाही."

तेव्हा आम्ही सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडली. तीत प्रत्येक पत्रापुढे पलीकडच्या सर्व्हरचे तीन अंकी उत्तर असते. 250 म्हणजे पत्र स्वीकारले. 4 ने आरंभ होणारी संख्या म्हणजे 'तूर्त नाही'. अशा वेळी आपला सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो. 5 ने आरंभ झाल्यास तो नकार कायमचा समजावा. आमच्या पत्रांपुढे 550 होते, आणि पाठविणाऱ्याची ओळख पटत नाही, असे कारणही दिले होते. नकाराच्या सूचना परत आल्या होत्या. पण ज्या खात्यात त्या पडत, ते कोणी उघडीत नव्हते!

ही ओळख का मागतात? 1982 साली ठरलेल्या एसएमटीपी पद्धतीत प्रेषक म्हणून कोणाचेही नाव घालता येत असे. म्हणून पुढे पुरावे मागण्याची रीत पडली. शाळेच्या नावाची पत्रे कोणत्या आयपी क्रमांकावरून निघतील, हे डीएनएस या सार्वजनिक नामसूचीत जाहीर करावयाचे. ती एसपीएफ नोंद. क्रमांकावरून सर्व्हरचे नाव सांगते ती पीटीआर नोंद. ती बहुधा इंटरनेटची जोडणी देणाराच करू शकतो. तिसरा पुरावा डीकेआयएम, म्हणजे पत्रावरील सांकेतिक सही.

आमची जोडणी बदलली होती, तिच्याबरोबर क्रमांकही बदलला होता. एसपीएफमध्ये मात्र जुनाच क्रमांक होता, आणि नव्याची पीटीआर नोंद झालीच नव्हती. घर बदलावे व पाटी जुन्याच दारावर ठेवावी, तसा हा प्रकार! एक नोंद आम्ही सुधारली, दुसरी जोडणी देणाऱ्याकडून करवून घेतली. दुसऱ्या दिवशी 250 उमटले. तथापि स्वीकारलेले पत्रही स्पॅममध्ये पडू शकते. म्हणून पालकांस दूरध्वनी करून खात्री केली. मुलीचा अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी गेला.

तात्पर्य, पत्र निघाले काय, उत्तर काय आले, ओळख पुरी आहे काय, आणि पत्र शेवटी पडले कोठे, हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत. कोणास दोष देण्याचा विचार त्यानंतर करावा. आम्ही तो आधी केला, म्हणून त्या मुलीची आम्ही वर्गासमोरच क्षमा मागितली.