स्टॉकिस्ट, एनओसी आणि स्पर्धा कायदा

औषध कंपनीला एखाद्या गावात नवा स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक वितरक नेमायचा, तर आधी तिथल्या केमिस्ट संघटनेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणायची, ही या व्यापारातली जुनी रीत. कायद्याचा तिला कधीच आधार नव्हता. एनओसी नसेल तर दुकानदार माल उचलणार नाहीत, एवढ्या धाकावर ती चालत आली. गोव्यातील केमिस्ट संघटनेला भारतीय स्पर्धा आयोगाने जून 2012 मध्ये अशाच प्रकारांवरून 2 लाख रुपये दंड केला. पुढच्याच वर्षी अखिल भारतीय संघटनेला 47 लाखांहून अधिक दंड झाला. तरीही सवय सुटली नाही. 2014 मध्ये गोव्याच्या संघटनेविरुद्ध आयोगाला पुन्हा आदेश काढावा लागला.

स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3 नुसार एकाच पातळीवरच्या व्यापाऱ्यांनी मिळून दर ठरवले किंवा पुरवठा रोखला, तर स्पर्धेला बाधा आली असे गृहीतच धरले जाते. तसे नाही हे दाखवण्याचा भार संघटनेवर येतो. ‘पुढील सूचनेपर्यंत अमुक कंपनीला ऑर्डर देऊ नये’ अशा एका ओळीचे परिपत्रक संघटना अडकायला पुरे होते. सभेचे इतिवृत्त किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोपही पुरावाच. दंड उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत जातो आणि पदाधिकारी व्यक्तिशः त्यातून सुटतातच असे नाही. सभासदांसाठी प्रशिक्षण घेणे, सरकारकडे मार्जिन वाढवून मागणे याला मात्र कोणाची हरकत नाही.

रुग्णालय आणि पुरवठादार यांच्यातल्या कराराचे तसे नाही. तिथे बाजारावरचा दुष्परिणाम सिद्ध करावा लागतो. पवईतील एका रुग्णालयाने स्टेम सेल बँकिंगसाठी एकाच कंपनीशी करार केला होता. 2014 मध्ये आयोगाने त्याला सुमारे 3.8 कोटींचा दंड केला. 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला.

त्यामुळे नुसते बिल फुगले म्हणून आयोगाकडे धाव घेऊन रुग्णाच्या हाती सहसा काही लागत नाही. एमआरपीपेक्षा जादा आकारणीसाठी औषधांच्या किमतींवर देखरेख ठेवणारे एनपीपीए हे प्राधिकरण किंवा ग्राहक आयोग बरा. पुरवठा अडवलेल्या स्टॉकिस्टाने मात्र कंपनीचा नकार लेखी मागावा, नाकारलेल्या ऑर्डरी तारखेसह जपून ठेवाव्यात. 2023 च्या दुरुस्तीनंतर आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून तीन वर्षे आहे; त्यानंतर विलंबाचे सबळ कारण पटवून द्यावे लागते.